आजच्या दिवशी या घरात

१

सकाळची चहाची भांडी विसळून झाली की विशाखा हात पुसत पप्पांच्या खोलीत यायची, पलंगाच्या कडेला बसायची आणि पेपरातला दिनविशेषाचा कोपरा उघडायची. पप्पांचा डावा हात आपल्या हातात घ्यायचा आणि प्रश्न विचारायचा, असा शिरस्ताच पडला होता.

खरं तर हा खेळ पप्पांचाच. काकासाहेब हिवराळे, म्हणजे पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत सगळ्यांचे हिवराळे सर, आयुष्यभर इतिहास शिकवत आले. शाळेच्या परिपाठात त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा, ‘आजच्या दिवशी काय झालं?’ घरीही सुटका नव्हती. ताटावर बसलं की प्रश्न, आणि उत्तर आल्याशिवाय भाजी वाढायची नाही. विशाखाची आई वैतागायची आणि उत्तर हळूच पोरांच्या कानात सांगायची. आता आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटा भाऊ अभय कंपनी जवळ पडते म्हणून बायकोला घेऊन बजाजनगरला राहायला गेला होता. घरात बाप-लेक दोघंच उरली होती, आणि यंदा जूनमध्ये पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली.

समजतं त्यांना सगळं, असं डॉक्टर म्हणाले होते. फक्त शब्द ओठापर्यंत येत नाहीत. मग विशाखानं युक्ती काढली. हात एकदा दाबला तर हो, दोनदा दाबला तर नाही. ती प्रश्न विचारायची, चार उत्तरं सांगायची आणि बरोबर उत्तराला पप्पा बोटं दाबायचे. एकदाही चुकले नाहीत. बोटं दाबताना डोळ्यांत जुनी मिश्कील चमक यायची. त्या चमकेसाठी विशाखा रोज तो पेपर उघडायची.

दुपारी ती उस्मानपुऱ्यातल्या मेडिकल दुकानात कामाला जायची. तेवढ्या वेळासाठी बानाबाई यायची. गंगापूरकडच्या एका वस्तीवर तिच्या घरच्यांची मेंढरं होती. ती स्वतः लेकाच्या नोकरीमागं शहरात आली होती. बाई दणकट, हाताला हलकी. पप्पांना कुशीवर वळवताना त्यांचा चेहरा कधी आक्रसायचा नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी विशाखा घरी आली, तर बानाबाई चपला घालता घालता हसून म्हणाली, “ताई, सर आज लई बोलले.”

विशाखाच्या हातातली पिशवी खाली गेली. “कोण बोललं?”

“सर. मी आत भाकरी थापत हुते. मला वाटलं, कुणी पावनं आलं आन् त्यांच्याशी बोलतंय. जाऊन बघते तर एकटेच.”

“काय म्हणाले?”

“त्ये काय मला उमगलं नाय बाई. सालं सांगत हुते. कोण कधी मेलं, कोण कधी राजा झाला.”

विशाखा धावत खोलीत गेली. पप्पा उशीला टेकून बसले होते. ओठ मिटलेले, उजवीकडून खाली ओघळलेले, रोजच्यासारखेच. ती त्यांच्या गालाला गाल लावून रडली. पप्पांनी तिचा हात धरला आणि दोनदा दाबला. थोडं थांबून पुन्हा दोनदा.

२

तिच्यासमोर मात्र ते बोलेनात. आठवडा गेला. सतरा सप्टेंबरला सकाळी दूरवरच्या शाळेतून मराठवाडा मुक्तिदिनाची गाणी ऐकू येत होती. नळाला कितीतरी दिवसांनी पाणी आलं होतं, म्हणून विशाखा स्वयंपाकघरात पिंप भरत होती. पाण्याच्या आवाजावर तिनं सहज हाक दिली, “पप्पा, आजचा प्रश्न तर फारच सोपा आहे हं. आज काय झालं?”

“हैदराबाद संस्थान भारतात आलं,” खोलीतून उत्तर आलं. “एकोणीसशे अठ्ठेचाळीस.”

तिनं नळ बंद केला. आवाज पप्पांचाच होता. खडूच्या भुकटीनं वर्षानुवर्षं घासला गेलेला, वाक्याचा शेवटचा शब्द फळ्यावर टिंब द्यावं तसा टेकवणारा. जूनपासून तो आवाज तिनं फक्त फोनमधल्या जुन्या व्हिडिओंत ऐकला होता.

ती गेली तेव्हा पप्पा उताणे पडून होते. कपाळावर घाम होता आणि पांघरूण डाव्या मुठीत घट्ट धरलेलं. डोळे मोठे झाले होते.

“पप्पा, तुम्ही बोललात ना आत्ता?”

त्यांनी तिचा हात दोनदा दाबला. इतका जोरात की बांगडी मनगटात रुतली.

वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमना तिनं दुकानातून फोन केला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “असं होतं. कुणी समोर बसून वाट बघत असलं की त्यांच्यावर दडपण येतं. एकटे असले की शब्द सुटतात. आणि हो-नाहीची गल्लत तर हमखास होते. त्यांना ‘हो’ म्हणायचं असतं आणि हात ‘नाही’ सांगून जातो. तुम्ही असं करा, मध्ये पडदा लावा. तुम्ही बाहेर बसा, त्यांना दिसू नका, आणि बोलत राहा.”

इतकं सरळ होतं ते. संध्याकाळी विशाखानं गुलमंडीवरून हिरव्या फुलांचं कापड आणलं आणि खोली आणि स्वयंपाकघराच्या मधल्या दारात दांडी ठोकून पडदा लावला. ती तो लावत असताना पप्पा पलंगावरून एकटक तिच्याकडं बघत होते. डाव्या हातानं ते पलंगाची कड ठोकत होते. टक टक. जरा थांबून, टक टक.

“कळलं, कळलं,” ती म्हणाली. “सरळ लावते.”

३

पुढचे दिवस विशाखाला सणासारखे गेले. सकाळी ती पाट घेऊन स्वयंपाकघरात पडद्याला पाठ लावून बसायची आणि विचारायची. सत्यशोधक समाजाची स्थापना कधी, पुणे करार कुणाकुणात, लुई पाश्चर कधी वारला. पलीकडून झटपट उत्तरं यायची. एकदा आवाज म्हणाला, “माय, आज जरा अवघड विचार.” तेव्हा तिला हुंदका आवरेना. पप्पांची आई ते लहान असतानाच गेली होती, म्हणून लेकीला ते ‘माय’ म्हणायचे. दुसरं कुणी म्हणत नसे.

तिनं अभयला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “मला ऐकव की.” तिनं फोन पडद्याजवळ धरला, पण त्या दिवशी आवाज आला नाही.

एक गोष्ट मात्र ती स्वतःशीही कबूल करत नव्हती. पप्पा खंगत चालले होते. जेवण कमी झालं होतं. सकाळी ती पेपर हातात घेताना दिसली की त्यांचे डोळे भरून यायचे. तिनं हात पुढं केला, तर तो धरून ठेवायचे, सोडायचेच नाहीत. डोळ्यांतली ती मिश्कील चमक कुठल्या कुठं गेली होती. बोलता येऊ लागलेल्या माणसाची कळा अशी का असावी, हा विचार यायचा. पण आला की ती उठून काहीतरी काम काढायची. तो आवाज पुन्हा जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

तीस सप्टेंबरला तिनं किल्लारीच्या भूकंपाचं विचारलं.

“एकोणीसशे त्र्याण्णव,” आवाज म्हणाला. मग, कुणी न विचारता, सावकाश पुढं बोलू लागला. “पहाट होती. आधी गल्लीतली कुत्री गप झाली. मग मांडणीवरची भांडी वाजायला लागली. तू भिंतीकडं तोंड करून झोपली होतीस, माय. परकर गुडघ्यापर्यंत वर गेला होता. मी बघत होतो.”

विशाखानं हातातला पेपर खाली ठेवला.

भूकंपाची गोष्ट त्यांच्या घरात शंभरदा सांगून झाली होती, आणि दर वेळी सगळे हसायचे ते पप्पांवर. सगळी वसाहत रस्त्यावर आली, आईनं विशाखाला आणि तान्ह्या अभयला काखेत घेऊन बाहेर नेलं, आणि पप्पा उजाडेपर्यंत घोरत पडले होते. आई हाका मारून थकली तरी उठले नव्हते. ते स्वतःच वर्गात सांगायचे, ‘इतिहास घडत होता आणि तुमचे सर झोपले होते.’

आजारानं आठवणींची सरमिसळ होते, असं तिनं स्वतःला सांगितलं. आईनं सांगितलेलं ऐकून ऐकून त्यांना स्वतःचंच वाटायला लागलं असेल. पण परकराचं आईनं कधी सांगितलं नव्हतं. आणि पाठ टेकलेला पडदा तिला ऊबदार लागत होता, पलीकडं कुणी तसंच पाठ टेकून बसावं इतका.

४

तेरा ऑक्टोबरच्या संध्याकाळी ती दुकानातून आली, तर बानाबाई बाहेर ओट्यावर बसली होती. घराचं दार सताड उघडं होतं आणि तिनं पप्पांनाही प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दारापर्यंत ओढत आणलं होतं. पप्पांच्या अंगावर शाल होती. संध्याकाळच्या वाऱ्यात ते बऱ्याच दिवसांनी शांत दिसत होते.

“मावशी, हे काय? एकटीनं आणलंस?”

“एकटीनंच आणलं.” बानाबाईनं तिच्याकडं न बघता पदर तोंडावरून फिरवला. “ताई, मी सरांचं तोंड पुसत हुते. वल्या फडक्यानं. माझा हात त्यांच्या तोंडावर हुता. ह्यो असा.” तिनं तळवा स्वतःच्या ओठांवर दाबून दाखवला. “आन् आवाज आला.”

विशाखानं हातातली पिशवी ओट्यावर ठेवली.

“ओठ हालले नायत ताई. हाताखाली कळतं की माणसाला.”

“काय म्हणाला आवाज?”

बानाबाईनं आधी पप्पांकडं पाहिलं, मग खालच्या आवाजात सांगितलं, “म्हणाला, ‘त्याला जरा कुशीवर वळव.’ ‘त्याला’ म्हणाला, ताई. ‘मला’ नाय.”

गल्लीत पोरं सायकली फिरवत होती. समोरच्या घरातून फोडणीचा वास येत होता. विशाखा पप्पांसमोर गुडघ्यावर बसली. तिनं त्यांचा हात घेतला, आणि सतरा सप्टेंबरपासून जे विचारायला ती भीत होती ते विचारलं.

“पप्पा, खोलीत दुसरं कुणी आहे?”

त्यांनी एकदा हात दाबला. मग मान खाली घातली आणि आवाज न करता रडू लागले.

तरीही ती दोघं त्या रात्री त्याच घरात राहिली, याचा विशाखाला पुढं अचंबा वाटायचा. पण माणूस असंच वागतं. हो-नाहीची गल्लत होते हे मॅडमनी सांगितलं होतं, बानाबाई अडाणी, आणि दुसरी कुठं सोय नव्हती. पप्पांचा पलंग तिनं बाहेरच्या खोलीत ओढायचा प्रयत्न केला, तो दारातून निघेना. शेवटी ती त्यांच्या उशाशी दिवा लावून बसून राहिली. रात्रभर काही ऐकू आलं नाही. बानाबाईला तिनं सकाळीच यायला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, “येते. पर त्या खोलीत एकटी पाय ठेवायची नाय.”

५

सकाळ लख्ख उजाडली. चौदा ऑक्टोबर. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं विशाखानं मेणबत्ती लावली, त्रिसरण म्हटलं. पप्पांनी एकच हात कपाळाला लावला. उन्हात सगळं कसं धुतल्यासारखं, साधं दिसत होतं. एकदा खात्री करावी, मग काय ते ठरवू, असं तिनं मनाशी घेतलं.

तिनं पप्पांचा फोन खिडकीत पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला, त्यावरून आपल्या फोनला व्हिडिओ कॉल लावला आणि आवाज बंद केला. छोट्याशा चौकटीत पलंग दिसत होता, पप्पांचा चेहरा, मागं निळी भिंत. फोन घेऊन ती पडद्याबाहेर पाटावर बसली. आज पाठ पडद्याला लावली नाही, ओट्याला टेकली. तोंड पडद्याकडं.

“पप्पा,” ती म्हणाली. “चौदा ऑक्टोबर, एकोणीसशे छप्पन.”

या प्रश्नाचं उत्तर पप्पांनी उभ्या आयुष्यात एका वाक्यात दिलं नव्हतं. आधी ते सरळ बसायचे. मग आजोबांचं सांगायचे, ते नागपूरला कसे गेले, अंगातला पांढरा सदरा शेजाऱ्याकडून कसा मागून आणला होता, परत आले तेव्हा ओट्यावर बसून किती वेळ नुसतेच हसत होते. सांगता सांगता पप्पांचा गळा दाटायचा.

“नागपूर,” आवाज म्हणाला. “धर्मांतर. पुढचा प्रश्न.”

फोनच्या चौकटीत पप्पांचे ओठ मिटलेले होते. ते छताकडं बघत नव्हते, पडद्याकडंही नाही. पलंगाच्या पायथ्याशी, भिंत आणि छत मिळतात तिथल्या कोपऱ्यात त्यांची नजर लागली होती. समोर उभा राहून कुणी बोलत असलं की आपण त्याच्या तोंडाकडं बघतो, तशी. फक्त मान फार वर करून.

“पुढचा प्रश्न, माय.”

तिनं फोन दोन्ही हातांत घट्ट धरला.

“बरं. मग मी विचारतो.”

चौकटीत पप्पांची नजर हलली. कोपऱ्यातून निघून ती सावकाश भिंतीवरून सरकली, कपाटावरून आली, खिडकीवरून आली. पप्पांची मान तिच्याबरोबर वळत गेली आणि दाराशी येऊन थांबली. आता ते पडद्याकडं बघत होते. पडद्याच्या वरच्या टोकाकडं.

विशाखानं फोनवरून डोळे वर केले.

“आजच्या दिवशी या घरात काय झालं?”

एकेका शब्दासरशी पडदा हलत होता. सगळा नाही. वर, दांडीच्या अगदी खाली, वाटीएवढा भाग आत ओढला जायचा आणि फुगून बाहेर यायचा. हिरवी फुलं तेवढ्याच जागी आक्रसायची आणि ताणायची. खाली, पडदा फरशीला टेकतो तिथं, काहीच नव्हतं. ऊन सरळ पलीकडं पलंगापर्यंत पडलेलं दिसत होतं.

“काही नाही,” विशाखा म्हणाली. आपण उत्तर का देतोय हे तिला कळत नव्हतं. लहानपणापासूनची सवय होती ती. “आज काही झालं नाही.”

“चूक.” पडदा आत गेला, बाहेर आला. आवाज प्रेमळ होता, चुकलेल्या पोराला आणखी एक संधी देताना पप्पांचा असायचा तसा. “विचार कर. दिवस अजून जायचाय.”

बाहेरची बेल वाजली.

६

बानाबाई दारात होती, पण दार बाहेरच्या खोलीत, आणि तिथं जायची वाट पप्पांच्या खोलीतूनच. विशाखा उठली. पडदा आता स्थिर होता. वरच्या बाजूला, जिथं तो हलत होता तिथं, कापडावर एक गोल ओला डाग उमटला होता.

पलीकडं पप्पा होते. तिला एवढंच दिसत होतं, बाकी काही बघायचं नव्हतं. तिनं डोळे मिटून पडद्यातून पाऊल टाकलं. डोक्यावर, केसांच्या भांगात, कुणाचा तरी श्वास लागला. उष्ण, खडूच्या वासाचा. ती थांबली नाही. दार उघडलं, बानाबाईला हाताला धरून आत ओढलं. दोघींनी मिळून पप्पांना खुर्चीत घातलं आणि खुर्ची उचलली.

उंबरठ्यापर्यंत आल्या तेव्हा मागून हाक आली.

“माय.”

पप्पांनी डाव्या हातानं विशाखाचा दंड पकडला.

“माय, मला एकटं टाकून चाललीस?” आवाज फाटला होता. झटका आला त्या सकाळी पप्पांनी मोरीतून हाक मारली होती, ती त्यांची शेवटची हाक, ती अशीच फाटलेली होती. “मला बोलता येतंय गं. त्याला काय येतंय? त्याला ठेव. मला ने.”

विशाखाच्या हातातली खुर्ची उंबरठ्यावर टेकली. तिनं मागं वळून पाहिलं नाही, पण क्षणभर, अगदी क्षणभर, तिला वळायचं होतं. हे तिनं पुढं कुणालाच सांगितलं नाही. खुर्चीतल्या माणसाचं ओघळलेलं तोंड तिच्या खांद्याशी होतं, लाळ तिच्या ओढणीवर सांडत होती, आणि मागं तिचे सगळे पप्पा होते, ताटावरचे, वर्गातले.

“ताई, उचला,” बानाबाई म्हणाली. “हलकं नाय वज्झं.”

विशाखानं खुर्ची उचलली.

७

रिक्षानं ते बजाजनगरला गेले, अभयच्या दोन खोल्यांत. अभयला ती नीट काही सांगू शकली नाही. तो हसला नाही, पण त्याचा विश्वास बसला नाही हे दिसत होतं. दोन दिवसांनी तो पप्पांचे कपडे आणि औषधं आणायला पुंडलिकनगरला गेला. परत आला तेव्हा सामान ठेवलं, जेवायला बसला आणि भात कालवून तसाच ठेवून उठला. त्याची बायको रूपाली कितीदा म्हणाली, काय झालं सांगा तरी. “घर विकून टाकू,” एवढंच तो म्हणाला. त्यानंतर त्या घराचा विषय निघाला नाही. कुलूप अजून तसंच आहे.

पप्पा इकडं जेवू लागले. रूपाली त्यांना गॅलरीत बसवायची. कंपनीच्या बस जाताना बघत ते बसून राहायचे. विशाखानं दिनविशेषाचं पान बघणं सोडून दिलं होतं. पेपर आला की ती तेवढा भाग आतल्या बाजूला दुमडून ठेवायची.

डिसेंबरमधल्या एका सकाळी पप्पांनी स्वतःच डाव्या हातानं पेपर ओढला. दुमडलेला कोपरा उलगडायचा त्यांचा खटाटोप चालला होता. जमेना, तेव्हा त्यांनी विशाखाकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. ते वाट बघत होते.

तिनं पेपर उलगडला. विचारलं. कुठला प्रश्न होता ते तिला नंतर आठवलं नाही.

गॅलरीत आवाज झाला. घोगरा, चिरका, मधेच तुटलेला. “म्... मा...” त्याला शब्द म्हणता आलं नसतं. तो आवाज पप्पांचा मुळीच नव्हता, निदान तिच्या आठवणीतल्या पप्पांचा तरी नव्हता.

विशाखा ताडकन उठली. भिंत, कपाट, छताचा कोपरा, सगळीकडं तिची नजर गेली. मग ती पुढं झाली आणि तिनं आपली बोटं पप्पांच्या गळ्यावर ठेवली.

“पुन्हा म्हणा,” ती म्हणाली.

पप्पांनी ओठ जुळवले. कातडीखाली काहीतरी वर सरकलं, धडपडलं, थरथरलं. बोटांना ते नीट कळलं. तरी तिनं हात काढला नाही. आजही ती त्यांना प्रश्न विचारते तेव्हा त्यांच्यासमोर बसून, गळ्यावर हात ठेवूनच विचारते. आणि ती स्वयंपाकघरात असताना गॅलरीतून काही ऐकू आलं, तर त्याला उत्तर देत नाही.